पहिल्या लाइटच्या आधी गिळणं तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २७ जुलै आला, म्हणजे डोके व मान कर्करोगाचा जागतिक दिवस आला, की वर्तमानपत्रांत तंबाखू सोडा म्हणून लेख येतात आणि बऱ्या झालेल्या रुग्णांचे हार घातलेले फोटो येतात. दोन्ही यायलाच हवेत. पण त्या फोटोतल्या माणसाला कुणी विचारत नाही, की आज दुपारी तुम्ही काय जेवलात आणि जेवायला किती वेळ लागला. माझ्यापुरतं मी सांगते. आज मला पन्नास मिनिटं लागली. दीड वाटी गुरगुट्या भात, त्यात कालवलेलं घट्ट वरण, दोन चमचे तूप आणि अर्धी वाटी दाट केलेलं ताक. प्रत्येक घासाला हनुवटी छातीकडे, श्वास रोखून जोर लावून गिळायचं, मग घसा खाकरायचा आणि पुन्हा एकदा कोरडं गिळायचं. रिपोर्टप्रमाणे मी बरी आहे. कर्करोग गेला. गिळणं परत येत आहे, पण ते आपोआप येत नाही, आणि ते आणावं लागतं हे मला फार उशिरा कळलं. म्हणून हे पत्र.

माझं वय ५८. कराडमध्ये १९९८ पासून माझी खानावळ आहे. बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं डबे नेतात, काही पंगतीला बसतात, मला काकू म्हणतात. पहाटे चारला उठायचं, चुलीवर पाणी ठेवायचं आणि मिश्री लावत बसायचं, ही कित्येक वर्षांची सवय. आई लावायची, सासूबाई लावायच्या, त्यात काही वावगं आहे असं घरात कुणाला वाटलं नाही. ती मी सोडली ती थेट निदानाच्या दिवशी. जी बाई हे वाचत असेल आणि अजून लावत असेल, तिने आज सोडावी एवढंच म्हणते.

सुरुवात घशात झाली नाही, कानात झाली. २०२१ च्या जुलैत घास गिळताना उजव्या कानात कळ यायची. कान साफ, बाहेरून काही नाही. थेंब टाकले, लसणीचं तेल टाकलं, गोळ्या घेतल्या, चार महिने घालवले. नोव्हेंबरात मानेला गाठ हाताला लागली तेव्हा दुर्बिणीने तपासणी झाली. स्वरयंत्राच्या शेजारी एक खोबण असते, तिथून घास अन्ननलिकेत उतरतो. त्या खोबणीत आजार होता. घशाच्या आणि कानाच्या संवेदना वाहणाऱ्या नसा एकमेकींशी जोडलेल्या असतात, म्हणून दुखणं एकीकडे आणि कळ दुसरीकडे, हे डॉक्टरांनी नंतर समजावलं. गिळताना एकाच कानात येणारी कळ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर कानाचे थेंब बदलत बसू नका, घसा बघून घ्या.

उपचार म्हणजे ३५ लाइट आणि दर आठवड्याला एक केमो. किरणोपचाराला (रेडिएशनला) आम्ही रुग्ण लाइटच म्हणतो, काही जण शेक म्हणतात. गरम पाण्यात मऊ केलेला प्लास्टिकचा जाळीदार पत्रा चेहऱ्यावर आणि मानेवर दाबून साचा करतात, आणि तो साचा टेबलाला खिळवून त्याखाली रोज पंधरा-वीस मिनिटं न हलता पडायचं. सोमवार ते शुक्रवार. १० जानेवारी २०२२ ला पहिला लाइट, २६ जानेवारीची सुटी मध्ये आली म्हणून शेवटचा २८ फेब्रुवारीला. पहिले दोन आठवडे मी डबे करत होते. तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. चौथ्यात लाळ इतकी चिकट झाली की बोटाला गुंडाळून ओढून काढावी लागे, आणि गिळताना काच उतरल्यासारखं होई. मग नाकातून नळी घातली.

नळीचं मला आधी भय होतं. आता सांगते, नळीने माझा जीव राखला. मुगाचं पाणी, नाचणीचं सत्त्व, दूध, उकडून वाटून मलमलच्या फडक्यातून गाळलेल्या भाज्या, दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजने २०० मिली. आधी पाणी, शेवटी पाणी, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सुनेने दोन दिवसांत शिकून घेतलं. ज्यांना डॉक्टर नळी सुचवतात आणि घरचे लोक काय म्हणतील म्हणून जे नको म्हणतात, त्यांनी नको म्हणू नये. माझं वजन ६१ किलोवरून ४४ वर आलं होतं. नळी नसती तर लाइट अर्ध्यावर सोडावा लागला असता.

पण नळी बसली त्या दिवसापासून मी गिळणंच बंद केलं. थुंकीसुद्धा वाटीत टाकायची. घशाला जखम आहे, त्याला आराम हवा, असं मला वाटलं आणि तसं नाही हे मला कुणी सांगितलं नाही. माझी जी तक्रार आहे ती हीच. रुग्णालयाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या डॉक्टरांनी माझा आजार काढला, त्यांचं ऋण माझ्यावर आहे. पण साडेतीन महिन्यांत मला वजन किती, रक्त किती, चट्टे किती हे विचारलं गेलं. दिवसातून किती वेळा गिळता हे एकदाही नाही. एप्रिलमध्ये नळी काढली आणि घरी जाताना वाक्य होतं, ‘आता हळूहळू सगळं खा, पाणी भरपूर प्या.’

मी भरपूर पाणी प्यायले. ठसका लागत नव्हता, म्हणून सगळ्यांना वाटलं छान चाललंय. फक्त पाणी प्यायल्यावर माझा आवाज ओला यायचा, घशात बुडबुडे असल्यासारखा. रोज संध्याकाळी कणकण. मे महिन्यात न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस दवाखान्यात काढले. तिथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी माझा आवाज ऐकला आणि विचारलं, ‘मावशी, तुमचं गिळणं कुणी बघितलंय का?’ त्यांनीच मला पुण्यात गिळण्याचे उपचार करणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. लोक त्यांना स्पीच थेरपिस्ट म्हणतात. तोतरेपणा घालवणाऱ्या, लहान मुलांना बोलायला शिकवणाऱ्या, एवढंच मला माहीत होतं. गिळणं हेही त्यांच्याच शिक्षणात येतं, हे माझ्यासारख्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं.

तपासणी साधी होती. नाकातून बारीक दुर्बीण घशापर्यंत, समोर पडदा, आणि हातात चमचाभर दूध. दुधात खायचा हिरवा रंग घातलेला, म्हणजे आत कुठे जातंय ते नीट दिसतं. मी गिळलं. पडद्यावर बघितलं तर हिरवं दूध त्या खोबणीत साचून राहिलं होतं, आणि मग तिथून एक धार अगदी सावकाश श्वासनलिकेत उतरली. मला काहीच कळलं नाही. ठसका नाही, गुदगुली नाही. मॅडम म्हणाल्या, ‘काकू, खोका.’ मी मुद्दाम खोकले तेव्हा थोडं वर आलं. ज्या घशाच्या भरवशावर मी दोन महिने पाणी पीत होते, त्याची जाणीवच गेली होती. ठसका लागला नाही म्हणजे घास नीट गेला असं नव्हे, हे त्या दिवशी मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं.

गिळणं एका सेकंदाचं काम आहे. तेवढ्यात जीभ घास मागे ढकलते, कंठ वर उचलला जातो, श्वासनलिकेवर झाकण पडतं आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. लाइटने हे सगळे स्नायू आधी सुजतात आणि मग आतून वाळलेल्या कातड्यासारखे ताठर होतात. हा ताठरपणा लाइट संपल्यावरही काही जणांत वर्षानुवर्षं वाढत राहतो. आणि स्नायू वापरले नाहीत, तर महिन्याभरातच त्यांची ताकद जाते. मॅडम म्हणाल्या, नळी असतानासुद्धा, झेपेल आणि सुरक्षित असेल तेवढं गिळत राहिला असता, तर आज इतकं कष्टाचं झालं नसतं. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात ५८ रुग्णांवर याचा अभ्यास झाला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, हेही त्यांनीच सांगितलं. लाइटच्या काळातच ज्यांना रोज गिळण्याचे व्यायाम दिले, त्यांचे स्नायू इतरांपेक्षा चांगले टिकले. म्हणजे मी आजारी पडायच्या नऊ वर्षं आधी हे छापून आलं होतं.

नळी पुन्हा बसली, आणि जूनपासून व्यायाम सुरू झाले. जिभेचं टोक दातांत हलकं धरून कोरडं गिळायचं. गिळताना कंठ वर गेला की तिथंच दोन-तीन सेकंद धरून ठेवायचा. मोठा घास आहे असं समजून सगळा जोर लावून गिळायचं. जमिनीवर उताणं पडून खांदे न उचलता फक्त डोकं उचलायचं आणि पायाची बोटं बघायची, एक मिनिट. हे शेवटचं मला पहिल्या आठवड्यात वीस सेकंदही जमलं नाही. जबडा आवळला होता, त्याला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. एकावर एक रचून दातांत सरकवायच्या, ताण येईल तिथं थांबायचं. पहिल्या दिवशी ११ काड्या मावल्या, आज १९ मावतात. हे वाचून कुणी घरी आपल्या मनाने सुरू करू नये. कुणाचा डावा भाग लुळा असतो, कुणाचा उजवा. एकाला मान खाली घालून फायदा होतो, तर दुसऱ्याला मान एका बाजूला वळवून. जिभेचा तो व्यायाम तर तोंडात अन्न असताना करायचाच नसतो. कुणी तरी बघून ठरवून द्यावं लागतं, आणि बघणारं माणूस असावं लागतं.

यानंतरचा भाग माझ्या कामाचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे सगळ्यांना वाटतं, घसा खराब म्हणजे पातळ द्या. जितकं पातळ तितकं सोपं. माझ्या बाबतीत नेमकं उलटं होतं. पाणी धावतं. झाकण पडायच्या आत ते श्वासनलिकेच्या तोंडाशी पोचतं. दाट पदार्थ सावकाश सरकतो, म्हणून दमलेल्या स्नायूंना वेळ मिळतो. पण फार दाट झालं तर ते खोबणीत बसतं आणि मागाहून खाली सरकतं. तेव्हा मधलं माप सापडायला हवं. जगभर आता यासाठी ० ते ७ अशा आठ पातळ्या वापरतात, शून्य म्हणजे पाणी आणि सात म्हणजे नेहमीचं जेवण. मला त्यांतली २ सांगितली होती. आता २ म्हणजे काय, हे २५ वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईला कसं कळणार? मॅडमनी १० मिलीची सिरिंज दिली. तिचा दट्ट्या काढायचा, खालचं भोक बोटाने बंद करायचं, १० च्या रेघेपर्यंत पदार्थ भरायचा, बोट काढायचं आणि बरोबर १० सेकंदांनी पुन्हा बंद करायचं. आत काही उरलं नाही किंवा एका मिलीच्या आत उरलं तर ते पाण्यासारखं. ४ ते ८ मिली उरलं तर माझं माप. सिरिंज मात्र त्यांनी दिलेल्या मापाचीच हवी, कारण वेगवेगळ्या बनावटीच्या सिरिंजची लांबी वेगळी असते.

मी त्या सिरिंजने घरातलं सगळं मोजलं. ताक, कढी, सार, पेज, नाचणीची आंबील, मुगाचं कढण. सुनेने वहीत लिहिलं. आणि लिहिताना माझ्या लक्षात आलं, की हे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत. धावतं, सैलसर, पळीवाढं, सरबरीत, गरगट, आसट, गुरगुट्या, मोकळं. माझ्या आईने मला कढी किती दाट हवी हे कधी आकड्यात सांगितलं नाही, ‘पळीवाढी ठेव’ म्हणाली आणि मला कळलं. माझं २ म्हणजे पळीवाढ्यापेक्षा जरा सैल. मला घरी जाताना जो आहाराचा कागद मिळाला होता, त्यात कस्टर्ड, पुडिंग आणि मॅश्ड पोटॅटो लिहिलं होतं. माझ्या शेजारच्या खाटेवर पाटण तालुक्यातले एक आजोबा होते, त्यांना तोच कागद मिळाला होता. त्यांनी मला विचारलं, ‘बाई, हे काय असतंय?’

वहीतल्या काही गोष्टी इथे लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. पिठाने दाट केलेलं गार होताना आणखी घट्ट होतं, म्हणून खायच्या वेळच्या उबेलाच मोजायचं. बाजारात दाट करायची तयार पावडर मिळते, चांगली असते, पण मला महाग पडली. मी नाचणीचं सत्त्व आणि आरारूट वापरते, शिजवून, कच्चं नाही. उष्टा चमचा पातेल्यात घालायचा नाही. हे शिवताशिवतीचं नाही, लाळेने पिठूळ पदार्थ पातळ होतो आणि माप चुकतं. दोन जातींचं एकत्र नको: आमटीत बुडालेला मोकळा भात, दुधात कुस्करलेल्या भाकरीचे तुकडे, चहात बुडवलेलं बिस्कीट. तोंडात पाणी आधी सुटतं आणि पुढं पळतं, चोथा मागे राहतो. तीच भाकरी दुधात तासभर भिजवून मिक्सरला लावली की चालते. पिठलं चालतं, गाठी असता कामा नयेत. साबुदाणा, शेवया, पोहे मला अजून जमत नाहीत, चिकटतात. आमरस मात्र देवाने माझ्यासाठीच केला असावा असं वाटलं. पायरीचा काढला तर धागे गाळून घ्यायचे, एवढंच.

आइस्क्रीमबद्दल वेगळं सांगते. भेटायला येणारा प्रत्येक माणूस मायेने आइस्क्रीम आणतो, घशाला थंड वाटेल म्हणून. तोंडात गेल्यावर ते वितळतं आणि पाणी होतं. ज्याला पाणी चालत नाही त्याला आइस्क्रीम चालत नाही. कलिंगडाचंही तसंच.

तिखट अजून सोसत नाही. मग ताकद कशाने यायची? मी पांढरा रस्सा मिरची आणि मिरी वगळून करते: मटणाचा अर्क, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू एकजीव वाटून, वर तूप, आणि हे सगळं माझ्या मापाला आणून. रविवारी पोरांना तांबडा वाढताना माझ्या पातेल्यात हा असतो. चव पूर्ण गेली होती. मीठ आधी कळायला लागलं, गोड फार उशिरा. अजून खानावळीच्या भाजीचं मीठ सूनच चाखते. घट्ट केलेला चहा मला आवडत नाही, पण तोच पिते. आणि जेवायच्या आधी दात आणि जीभ घासते, कारण तोंडातले जंतू घासाबरोबर छातीत उतरले तर न्यूमोनियाला आमंत्रण. लाळ आटल्याने दात लवकर किडतात, तेव्हा दातांच्या डॉक्टरांनाही लाइटच्या आधीच दाखवायला हवं. मी नंतर दाखवलं आणि तीन दाढांचं नुकसान झालं.

२०२२ च्या गौरी उठल्या त्या आठवड्यात माझी नळी कायमची निघाली. त्या दिवशी मी वाटीभर सत्त्व पंचवीस मिनिटांत संपवलं. सून समोर बसून घास मोजत होती आणि रडत होती.

घराबाहेरचं सांगायचं तर, जेवण ही आपल्याकडे एकट्याची गोष्ट नाही. लग्नात, वास्तुशांतीला, बारशाला ‘थोडं तरी घ्या’ हा आग्रह असतोच आणि तो प्रेमाचा असतो. देवळात गुरुजी तळहातावर तीर्थ घालतात. ते पाणीच. मी ते आता डोळ्यांना आणि कपाळाला लावते. पहिल्यांदा असं केलं तेव्हा मागच्या बाई काही बोलल्या आणि मी वर्षभर देवळात गेले नाही. पंगतीत बसले तर बोलता येत नाही, कारण बोलताना श्वासाची वाट उघडी असते आणि घास तिकडे जातो. कुणी ‘काय वहिनी, बऱ्या आहात ना?’ विचारलं की उत्तर द्यायलाच हवं. म्हणून माझ्यासारखी माणसं जाणंच सोडून देतात. वाचकांना एक विनंती: असा माणूस घरी आला तर आग्रह करू नका, तो जेवत असताना काही विचारू नका, आणि त्याच्या ताटाकडे बघू नका. त्याच्याबरोबर मात्र बसा. तुमचं जेवण झालं तरी बसून राहा.

आमच्याकडचे दोन डबे तेव्हा बंद झाले. कॅन्सर झालेल्या बाईच्या हातचं नको म्हणून. हा आजार ताटातून, हातातून, श्वासातून लागत नाही, एवढं या निमित्ताने छापून यावं. याउलट मराठवाड्यातला एक मुलगा, माझ्याकडेच जेवायचा, त्याच्या वडिलांना घशाचाच आजार निघाला. त्याने माझ्या वहीच्या पानांचे फोटो काढून घरी पाठवले. त्याच्याकडून आणखी कुणाकडे, तिथून आणखी कुणाकडे. आजवर अनोळखी माणसांचे फोन येतात: ‘काकू, ज्वारीची आंबील किती दाट ठेवू?’ मी सांगते ते, आणि मग प्रत्येकाला विचारते, गिळणं कुणी दुर्बिणीने बघितलंय का. बहुतेकांचं उत्तर नाही असंच येतं.

आणि पाटणचे ते आजोबा. माझ्या पाठोपाठच त्यांचेही लाइट संपले होते. डोंगरातल्या वाडीतून तालुक्याला यायचं म्हणजे त्यांचा दिवस जायचा. नळी काढली, कागद हातात दिला, पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं. त्यांच्या मुलीचा मला २०२२ च्या पावसाळ्यात फोन आला. दोन वेळा न्यूमोनिया झाला आणि दुसऱ्यांदा ते गेले. मुलगी म्हणाली, ‘ठसका तर कधीच लागला नाही हो मावशी, आम्हाला वाटलं म्हातारपणाचा ताप.’ त्यांच्या शेवटच्या तपासणीत घशात कर्करोग उरला नव्हता. माझं गिळणं ज्या महिन्यात शिकवलं जात होतं, त्याच महिन्यात त्यांचं कुणी बघतसुद्धा नव्हतं. आम्हा दोघांत फरक एवढाच होता, की मला एका डॉक्टरने आवाज ऐकून प्रश्न विचारला.

आपल्या देशातल्या सगळ्या कर्करोगांपैकी सुमारे ३० टक्के डोकं आणि मानेचे असतात. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे. वांद्र्याला वाणी आणि श्रवणाचे उपचार शिकवणारी अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. तेव्हा ज्ञान नाही किंवा शिकवणारं कुणी नाही, असं नाही. ते कराडपर्यंत आणि पाटणपर्यंत पोचायला हवं. ज्या ज्या रुग्णालयात, सरकारी असो की खासगी, घशाला लाइट दिला जातो, तिथे गिळणं बघणारा एक प्रशिक्षित माणूस असावा आणि पहिला लाइट पडायच्या आधी प्रत्येक रुग्णाला त्याच्यासमोर बसवावं. त्या पहिल्या भेटीत व्यायाम शिकवावेत. लाइट चालू असताना आठवड्याला एकदा आणि संपल्यावर काही महिने, फोनवर का होईना, विचारपूस व्हावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांच्या कागदांत लाइट आणि केमोच्या शेजारी ही तपासणी आणि हे उपचार स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावेत, म्हणजे रुग्णाला ते मागता येतील. आणि घरी जाताना मिळणारा कागद मराठीत असावा, पळीवाढं आणि सरबरीत या शब्दांत, आंबील, कढण आणि गुरगुट्या भाताच्या नावांनी. ती यादी करायला कुणी बसणार असेल तर माझी वही मी देते. त्यात ६४ पदार्थ मोजलेले आहेत. ज्या मॅडमनी मला शिकवलं त्या तपासून द्यायला तयार आहेत, मी त्यांना विचारलं आहे.

संपादक महोदय, पत्र लांबलं आहे हे मला कळतं. जागा कमी पडली तर माझी खानावळ, देऊळ, चहा हे सगळं कापा. ठसक्याशिवायही पाणी छातीत उतरतं हा भाग, सिरिंजचा भाग आणि पहिल्या लाइटच्या आधीची तपासणी, एवढं ठेवा. पाटणच्या आजोबांचा परिच्छेदही ठेवा. त्यांच्या मुलीला मी तो वाचून दाखवला आहे, तिची हरकत नाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
खानावळवाल्या काकू, कराड

(खानावळ आता सून चालवते. डबे बंद झाल्याचा अनुभव वर लिहिलाच आहे, म्हणून नाव आणि पत्ता छापू नये, ही विनंती.)